कोश्यारींचा तो अहवालही आठवावा

माजी सैनिकांच्या ‘वन रँक वन पेन्शन’वरच्या (समान पदाला समान पेन्शन) तुमच्या लेखात गोष्ट थेट केंद्र सरकारच्या सप्टेंबर २०१५ च्या घोषणेपासून सुरू होते. त्याआधीचं एक पान राहून गेलंय. महाराष्ट्रात भगतसिंह कोश्यारी म्हटलं की राजभवन आणि पहाटेचा शपथविधीच आठवतो (आणि त्यावर मी इथे भांडणार नाही!), पण राज्यसभेच्या याचिका समितीचे अध्यक्ष असताना त्यांनी डिसेंबर २०११ मध्ये दिलेला अहवाल माजी सैनिक अजून विसरलेले नाहीत. समान पद आणि समान सेवाकाळ असेल तर पेन्शनही समान, मग निवृत्ती कधीचीही असो, आणि पुढची वाढ जुन्यांना आपोआप मिळावी, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं.

हे ‘आपोआप’च पुढे गळालं. सरकारने दर पाच वर्षांनी पेन्शनची फेररचना ठरवली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने सरकारचंच धोरण कायम ठेवलं.

शिपाई पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. पुढे तीन-चार वेतन आयोग त्याच्या डोळ्यांदेखत जातात, म्हणून हा फरक त्याला जास्त बोचतो. साताऱ्याच्या अपशिंग्यात, त्या सैनिकांच्या गावात, कुणालाही विचारा.

आपल्या खासदारांनी आता वीरपत्नींच्या कुटुंब पेन्शनकडे बघावं. नवऱ्याच्या डिस्चार्ज बुकात एक नाव, आधारवर दुसरं, एवढ्यावरून म्हाताऱ्या बायका जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतात. सत्कार, शाल-श्रीफळ पुरे झालं. मतदारसंघात महिन्यातून एक दिवस फक्त ही कागदपत्रं जुळवायला बसा.