प्रेक्षक नव्हे, आधी आवाज तपासा

‘सोलापूरच्या प्रेक्षकाला संगीतावरचे माहितीपट पेलत नाहीत, म्हणून तो मध्येच उठतो’ हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. त्याला उठवतो तो आवाज. ५.१ मिक्सची, म्हणजे आवाज सहा चॅनलमध्ये वाटलेली फाइल लॅपटॉपवरून दोनच स्पीकरवर सोडली आणि प्लेअरमध्ये स्टिरिओ डाउनमिक्स (सगळे चॅनल दोनात मिसळणं) निवडला नाही, की मधल्या चॅनलवरचं बोलणं गायब. तानपुरा पंख्यांच्या घरघरीत बुडतो ते वेगळंच.

त्याहून वाईट म्हणजे जुन्या फिल्मची टीव्हीसाठी केलेली प्रत. सेकंदाला २४ फ्रेमची फिल्म २५ ने पळते, स्वर सुमारे ७० सेंट चढतो (पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर). पेटीच्या काळी एक पट्टीत गाणारा गायक जवळजवळ शेजारच्या पांढरी दोनवर जातो! जाणत्या कानाला ते लगेच खुपतं. खेळाच्या आठवडाभर आधी पेटी घेऊन प्रत ऐका. गायकाचा षड्ज (सा) दोन पट्ट्यांच्या मध्ये पडत असेल तर मूळ वेगाची प्रत मागवा.