मॉन्ड्रियान पोशाक छापलेला नाही, शिवलेला आहे

ईव्ह सँ लोराँ या फ्रेंच वेशरचनाकाराच्या १९६५ सालच्या प्रसिद्ध पोशाकाविषयीचा एक संदेश सध्या सर्वत्र फिरत आहे. त्यात एका बाजूला पीट मॉन्ड्रियान या डच चित्रकाराचे काळ्या रेघांचे आणि लाल, निळ्या, पिवळ्या चौकटींचे चित्र आहे, दुसऱ्या बाजूला तो पोशाक आहे आणि खाली ठासून केलेली विधाने आहेत. हा पोशाक म्हणजे दुसऱ्याचे चित्र कापडावर छापून शिवलेली सरळ पिशवी आहे, त्यात शिवणकामाचे कसब काहीच नाही. ज्याचे चित्र चोरले तो चित्रकार तिकडे उपाशी होता आणि इकडे हा श्रीमंत झाला. चित्रावरून घडवलेला जगातला हा पहिला पोशाक आहे. आणि अशा वस्तूवर संग्रहालये अवाच्या सवा पैसा उधळतात, असा एकूण मजकूर आहे. वेशरचनेचे शिक्षण घेणाऱ्या माझ्या भाचीला हा संदेश तिच्याच वर्गातून आला आणि ‘नुसते छापून जर संग्रहालयात जाता येत असेल, तर बेतायला शिकायचे तरी कशाला?’ असा प्रश्न तिने मला केला. एखादी चुकीची माहिती शिकणाऱ्या मुलीला तिच्या कामाविषयीच साशंक करू लागते, तेव्हा ती तशीच पुढे जाऊ देणे मला योग्य वाटत नाही.

छापल्याचा मुद्दा सर्वांत चुकीचा आहे आणि सर्वांत अपायकारकही आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टच्या वेशभूषा संग्रहात हा पोशाक आहे आणि त्याची नोंद कोणालाही वाचता येते. पोशाक लोकरीच्या जर्सीचा, म्हणजे विणीच्या कापडाचा आहे, आणि त्यातील रंगाचा प्रत्येक ठोकळा हा कापडाचा स्वतंत्र तुकडा असून तो शेजारच्या तुकड्याला जोडलेला आहे, असे ती नोंद सांगते. शरीराला बसण्यासाठी जो आकार द्यावा लागतो, तो सगळा या जोडांच्या जाळीतच लपवलेला आहे, हेही तिथे स्पष्ट म्हटले आहे, आणि या पोशाकाला शिवणकलेतील पराक्रम म्हणण्याचे कारणही तेच दिलेले आहे. संदेश लिहिणाऱ्याने एवढी एक नोंद वाचली असती, तरी पहिले वाक्य लिहिण्याचे धाडस त्याला झाले नसते.

ही गोष्ट किती अवघड आहे, हे ज्याने कधी कापड बेतले आहे त्याला लगेच कळेल. इतरांसाठी थोडे विस्ताराने सांगते. चित्राचा कॅनव्हास ताणून सपाट बसवलेला असतो, शरीर सपाट नसते. सरळ रेघा छापलेले कापड छातीवरून, कमरेवरून आणि नितंबांवरून खाली सोडले, की त्या रेघा उंचवट्यावर फाकतात आणि खोलगट भागात आत ओढल्या जातात. कापड अंगाला बसावे म्हणून टक्स, म्हणजे आकार देण्यासाठी शिवलेल्या चुण्या, घ्यावेत, तर प्रत्येक टक्स छापलेल्या रेघेला मधोमध कापतो आणि चौकटीचा काटकोन बिघडतो. टक्स न घ्यावेत, तर समोरचा घेर पुढे उचलला जातो आणि खालची कड वर जाते. मॉन्ड्रियानच्या त्या चित्रांत तिरपी रेघ नावालाही नाही, सगळी रचना उभ्या-आडव्या रेघांवर तोललेली आहे. त्यामुळे किंचितशी वाकलेली रेघसुद्धा लगेच नजरेला खटकते.

या अडचणीवर काढलेला मार्ग साधा दिसतो, म्हणूनच त्यातले श्रम दिसत नाहीत. जिथे दोन तुकडे जोडायचे आहेत, तिथे तुकड्याची कड बेततानाच हवी तेवढी आत किंवा बाहेर घेतली, की शिवण पुरी झाल्यावर कापडाला फुगवटा येतो. पण त्या जोडावर काळी पट्टी असल्यामुळे पाहणाऱ्याला सरळ रेघ तेवढी दिसते. एरवी टक्सने जे काम झाले असते, ते इथे चित्राच्या रेघेनेच केले आहे. त्यातही जर्सी हे ताणले जाणारे कापड आहे. उभ्या आणि आडव्या दिशेने त्याचा ताण सारखा नसतो, शिवताना कड लांबते, आणि काळ्या पट्टीची रुंदी वरपासून खालपर्यंत एकसारखी राखण्यासाठी हात फार सावध असावा लागतो. पांढऱ्या कापडाच्या मागून गडद तुकड्याची शिवण डोकावणार नाही, याची काळजी वेगळीच. पॅरिसच्या उच्च वेशगृहांत असे कपडे त्या त्या गिऱ्हाइकाच्या मापाने बेतले जातात, त्यामुळे प्रत्येक अंगासाठी ही जाळी नव्याने जुळवावी लागते. हे काम सँ लोराँच्या कार्यशाळेतील कारागिरांनी केले, आणि त्यांची नावे सहसा कोणाला ठाऊक नसतात. ‘नुसते छापले’ असे म्हणणारा माणूस वेशरचनाकाराला कमी लेखतो असे त्याला वाटत असेल. प्रत्यक्षात तो या कारागिरांचे सगळे काम पुसून टाकतो, आणि माझा संताप त्यासाठी आहे.

हेही मान्य करते, की छापलेले मॉन्ड्रियान पोशाक आज हवे तितके मिळतात. मूळ पोशाक लोकांसमोर आल्यावर काही महिन्यांतच त्याच्या स्वस्त नकला बाजारात आल्या आणि तो प्रकार अजून थांबलेला नाही. संदेश लिहिणाऱ्याने अशी एखादी नक्कल पाहिली असेल, तर ती खरोखरच छापील असू शकते. मात्र तिच्यावरून मूळ पोशाकाचा निवाडा करता येत नाही.

आता चोरीचा आणि उपाशी चित्रकाराचा मुद्दा. मॉन्ड्रियान १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये वारला. सँ लोराँचा जन्म १९३६ चा. एक मरण पावला तेव्हा दुसरा सात वर्षांचा होता, तेव्हा एक उपाशी असताना दुसरा श्रीमंत झाला हे चित्र काळाच्या हिशेबातच बसत नाही. मॉन्ड्रियानने पॅरिसमध्ये हलाखीचे दिवस काढले आणि पोटासाठी फुलांची चित्रे काढून विकली, हे मात्र खरे आहे. त्याच्या रचनेवरून घडवलेल्या पोशाकाने दुसऱ्याला कीर्ती मिळाली, तीही त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, ही गोष्ट मलाही अस्वस्थ करते, आणि तो प्रश्न विचारण्याचा हक्क कोणालाही आहे. पण चोर आपला माल लपवतो. इथे तर पोशाक पहिल्यापासून मॉन्ड्रियानच्याच नावाने ओळखला गेला. आईने भेट दिलेल्या एका पुस्तकातून सँ लोराँला ही चित्रे भेटली.  शिवाय सँ लोराँने त्याच हंगामात सादर केलेल्या पोशाकांत सेर्ज पोलियाकॉफ या चित्रकाराला वंदन करणारे पोशाकही होते आणि पोलियाकॉफ त्या वेळी हयात होता. हयात चित्रकाराचा प्रश्न ज्याला उपस्थित करायचा आहे, त्याने निदान ते नाव तरी घ्यायला हवे होते.

शेजारी शेजारी लावलेली दोन छायाचित्रेही दिशाभूल करतात. सँ लोराँने अशा अनेक पोशाकांची मालिका केली आणि त्यांतील चौकटींची मांडणी एकमेकींहून वेगळी आहे. रंग, काळी रेघ आणि काटकोन ही त्याने घेतलेली भाषा आहे. एखादे ठरावीक चित्र उचलून अंगावर चढवलेले नाही.

जगातला पहिला पोशाक हे विधान तर टिकतच नाही. सोनिया दलोने या चित्रकर्तीने स्वतःच्या रंगरचनेचा पोशाक १९१३ सालीच केला होता, आणि एल्सा स्कियापारेली या वेशरचनाकर्तीने साल्वादोर दाली या चित्रकाराच्या साहाय्याने केलेला शेवंडाचे चित्र असलेला पोशाक १९३७ चा आहे. तो फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयात आहे.

उरला पैशाचा मुद्दा. मेट्रोपॉलिटनमधील पोशाक संग्रहालयाला १९६९ साली भेट म्हणून मिळालेला आहे आणि भेट देणाऱ्या बाईंचे नाव त्याच नोंदीत आहे. ज्या मोठ्या आकड्याची कुजबुज चालते, तो बहुधा २००९ सालच्या पॅरिसमधील लिलावाचा असावा. सँ लोराँच्या मृत्यूनंतर त्याचा आणि त्याचा सहकारी प्येर बेर्जे याचा कलासंग्रह विकला गेला, तेव्हा मॉन्ड्रियानच्या १९२२ सालच्या एका रचनेला दोन कोटी युरोंहून अधिक किंमत आली. ती किंमत चित्राची होती, पोशाकाची नव्हती.