‘२०० उड्यांची अट कागदी आहे’: विंगसूटच्या वेळेचा चुकलेला हिशेब

स्कायडायव्हिंग करणाऱ्यांमध्ये एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: विंगसूट (हात-पायांमध्ये कापडी पंख असलेला सूट) घातला की खाली पडण्याचा वेग निम्म्याखाली येतो, त्यामुळे हाताशी दुप्पट-तिप्पट वेळ राहतो. काही चुकलेच तर एएडी (ठरावीक उंचीवर पॅराशूट आपोआप उघडणारे यंत्र) आहेच. म्हणून विंगसूट घालण्याआधी २०० साध्या उड्यांची अट कागदी. सत्तर-ऐंशी उड्या आणि थोडे विंड टनेल (खालून वारा सोडणारा सरावाचा बोगदा) एवढ्यावर भागते. आणि सूट घ्यायचाच तर एकदाच, मोठा घ्यावा.

यातले पहिले वाक्य खरे आहे, म्हणून पुढचे सगळे पटत जाते. पोटावर पडताना वेग ताशी १९० ते २०० किमी असतो. विंगसूटमध्ये खाली येण्याचा वेग साधारण ६० ते १०० किमीवर येतो. ४००० मीटरवरून एरवी मिनिटभरात संपणारी उडी इथे दोन मिनिटे चालते, सरावलेल्यांची त्याहून जास्त. पण हा वाढीव वेळ मिळतो तो मधल्या टप्प्यात. विमानाच्या दारातून बाहेर पडतानाचे पहिले दोन सेकंद आणि पॅराशूट काढतानाचे शेवटचे चार-पाच सेकंद जिथल्या तिथेच राहतात, आणि करायची कामे मात्र वाढतात.

आधी दार घेऊ. बाहेर पडताना विमानाच्या वेगाचा वारा अंगावर असतो. त्याच क्षणी पंख उघडले तर पडण्याऐवजी शरीर विमानाच्या पातळीवरच रेंगाळते, आणि मागून शेपटीचा आडवा पंख येत असतो. म्हणून हात-पाय मिटून शेपटीखालून निघून जायचे आणि मगच पंख उघडायचे. ज्याला दारात अजून धडधडते, तो आधाराला हात पसरतो. तेच इथे करायचे नसते.

‘एएडी आहेच’ हा मुद्दा सर्वांत फसवा. नेहमीच्या स्कायडायव्हरसाठीचे सायप्रेस हे एएडी साधारण २२५ मीटरवर रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) उघडते, पण तेव्हा खाली पडण्याचा वेग सेकंदाला ३५ मीटर, म्हणजे ताशी १२६ किमी, असावा लागतो. पंख उघडे असलेला विंगसूट या वेगाच्या बराच खाली असतो. यंत्र चालू आहे, बिघाड काही नाही, तरीही ते गप्प बसू शकते. ज्या गुणाचे मजकुरात कौतुक आहे, तोच गुण शेवटचा आधार काढून घेतो. उंचीचे भान स्वतःलाच ठेवावे लागते, आणि तेही अवघड, कारण पसरलेल्या हाताच्या मनगटावर पाहायला गेले की सूट वळतो. कानात उंचीचा इशारा देणारे अल्टिमीटर इथे चैन नाही.

आता पॅराशूट काढणे. ‘नेहमीसारखेच ओढायचे’ असे त्या मजकुरात एका ओळीत उरकले आहे. नेहमीसारखे त्यात फारच थोडे असते. पाठीमागे पंखांमुळे संथ, घुसळणाऱ्या हवेचा मोठा पट्टा तयार होतो. पायलट च्यूट (मुख्य पॅराशूट बाहेर ओढणारे छोटे पॅराशूट) त्यात अडकले तर ते पाठीवरच घुटमळते. म्हणून ब्रायडल (त्याला जोडणारी पट्टी) नेहमीपेक्षा लांब लागते, साधारण आठ फुटांच्या आसपास, आणि पायलट च्यूटही थोडे मोठे. शिवाय हवा समोरून येत असल्याने पॅराशूटची बॅग सरळ वर न जाता तिरकी मागे जाते. ओढताना एक खांदा खाली गेला किंवा एक पंख अर्धवट उघडा राहिला, की दोऱ्यांना पीळ पडलाच.

क्रम असा: पाय जुळवून पायांमधला पंख मिटायचा, दोन्ही हात एकाच वेळी मागे न्यायचे (एकटा उजवा नव्हे), पायलट च्यूटची मूठ पकडून जोराने फेकायची आणि कॅनोपी (पॅराशूटचे छत) उघडेपर्यंत अंग सरळ ठेवायचे. पीळ पडलाच तर अनेक सूटमध्ये बाह्यांची झिप उघडल्याशिवाय हात रायझरपर्यंत (खांद्यांवरून दोऱ्यांकडे जाणाऱ्या पट्ट्यांपर्यंत) पोचत नाहीत. छोटी, चपळ कॅनोपी तेवढ्यात गिरक्या घेऊ लागते. मोठी, शांत स्वभावाची कॅनोपी घेतली तर हा सगळा प्रसंग बराच सौम्य होतो. पहिल्या उड्डाणात सुमारे ५५०० फुटांवर पॅराशूट काढायला सांगतात ते यासाठीच.

विंड टनेल वाया जात नाही, अंगाचा तोल त्यात नक्कीच सुधारतो. पण उभ्या बोगद्यात वारा खालून येतो. तिथे ना दार असते, ना ओढायची मूठ, ना दिशा. स्टॉकहोममध्ये खास विंगसूटसाठी तिरका बोगदा उभारला गेला, त्यात पंखांचा सराव होतो, कॅनोपीचा नाही. दिशेचे गणित तर वेगळेच. दोनास एक या ग्लाइडने (एक मीटर उतरताना दोन मीटर पुढे) २३०० मीटर उतरताना माणूस वारा नसतानाही साडेचार किलोमीटर पुढे जातो. चुकीच्या बाजूला वळला तर एक तर शेतात उतरेल, नाही तर उघडलेल्या टँडेम (दोघांनी मिळून उतरायच्या) कॅनोपींमध्ये घुसेल. म्हणून विंगसूटवाले सहसा सर्वांत शेवटी उडी मारतात, विमानाच्या मार्गाशी काटकोनात बाजूला जातात आणि मग त्या मार्गाला समांतर परततात.

मजकुरात नसलेली एक गोष्ट: लेग स्ट्रॅप. सूट अंगावर घट्ट बसतो, त्यामुळे हार्नेसही आवळलेला आहे असे वाटते, आणि मांडीचे पट्टे कापडाखाली दिसत नाहीत. ते न लावताच उडी मारल्याने माणसे दगावली आहेत. विमानात चढण्याआधी दुसऱ्याकडून आणि दारापाशी स्वतःच्या हाताने ते चाचपायचे.

२०० या आकड्यात जादू नाही, हे मान्य. अमेरिकेच्या यूएसपीए या पॅराशूट संघटनेच्या मूलभूत सुरक्षा नियमांत २०० उड्या आणि चालू परवाना असे दोन्ही लिहिले आहे, तरी दोनशे उड्या मित्रांचे हात धरून पोटावर पडण्यात घालवलेला माणूस तयार असेलच असे नाही. त्यांतल्या बऱ्याच ट्रॅकिंगच्या (पडता पडता आडवे पुढे सरकण्याच्या) असाव्यात, ठरलेली दिशा धरून, ठरलेल्या उंचीवर वळून, आणि विंगसूटमध्ये वापरायची तीच कॅनोपी पाठीवर घेऊन. ऐंशी उड्यांत हे बसत नाही, कारण त्यांतल्या पहिल्या कितीतरी फक्त स्थिर राहायला शिकण्यात जातात.

राहिला मोठा सूट. त्याच्या पंखांत हवा भरली की बाही कडक होते आणि पायलट च्यूटची मूठ कापडाआड जाते. हात किंचित विषम राहिला तरी मोठा पंख शरीराला फ्लॅट स्पिनमध्ये (आडव्या गिरकीत) टाकतो. तेव्हा नवखा हात पसरून झगडतो आणि गिरकी वाढवतो. उपाय उलटा आहे: हात-पाय आत घेऊन सूट मिटायचा, मग कंबर पुढे काढून पोटावर यायचे. ठरलेली उंची आली तर फिरत असतानाही पॅराशूट काढायचे. नवशिक्यांच्या सूटमध्ये हाताचा पंख कमरेपाशीच संपतो, त्यामुळे मूठ मोकळी राहते. कोणताही सूट घेतला तरी तो घालून, हातमोजे चढवून, जमिनीवर पालथे पडून डोळे मिटावेत आणि मूठ शोधावी. लागोपाठ दहा वेळा पहिल्याच प्रयत्नात सापडली नाही, तर तो सूट त्या दिवशी विमानात नेऊ नये.