२३३ वा नंबर आणि जॉर्डन मायलाटा

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या संघांनी परदेशी खेळाडू ड्राफ्ट करणं (म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीनं निवडताना त्यांना घेणं) म्हणजे निव्वळ नवीन बाजारपेठ शोधणं, असं या विषयावरच्या लेखात म्हटलंय. बाजारपेठेचा भाग आहेच, पण तेवढंच म्हणणं मला पटत नाही.

जॉर्डन मायलाटाचं उदाहरण घ्या. सिडनीचा, सामोअन आईवडिलांचा मुलगा, रग्बी लीग खेळणारा. अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच न खेळलेल्या या मुलाला फिलाडेल्फिया ईगल्स संघानं २०१८ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत, २३३ व्या क्रमांकावर घेतलं. २०१७ मध्ये सुरू झालेल्या इंटरनॅशनल प्लेअर पाथवे या परदेशी खेळाडूंसाठीच्या एनएफएलच्या कार्यक्रमातून तो आला होता. पहिले दोन सीझन तो एकही सामना खेळला नाही. त्याची जागा लेफ्ट टॅकलची, म्हणजे क्वार्टरबॅकचं (बॉल फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचं) डावीकडून रक्षण करणाऱ्याची. हे काम किती अवघड असतं बघा: बॉल हलला की उलट्या पावलांनी मागे सरकायचं आणि क्वार्टरबॅकच्या पाठीवर धावून येणाऱ्याला हातांनी थोपवायचं. रग्बीत समोर धावायची सवय लागलेल्या माणसाला हे पाऊल नव्यानं शिकावं लागतं. ईगल्सचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंडनी ते त्याच्याकडून घोटून घेतलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, ईगल्सनं कॅन्सस सिटी चीफ्सना ४०-२२ हरवलं, तेव्हा लेफ्ट टॅकलला हाच होता!

म्हणूनच २०२४ पासून एनएफएलच्या सर्व ३२ संघांना सराव पथकात परदेशी खेळाडूसाठी जादा जागा मिळाली, हे मला फार मोलाचं वाटतं. कॅनडाच्या फुटबॉल लीगमध्ये तर परदेशी खेळाडूंसाठी वेगळा ग्लोबल ड्राफ्टच असतो, आणि त्यात ऑस्ट्रेलियन पंटरना (बॉल लाथेनं लांब मारणाऱ्यांना) चांगली मागणी असते. लेखकानं त्यावरही जरूर लिहावं.