पेपर मोजायचेच असतील तर नीट मोजा

गेले काही दिवस एक मजकूर फिरतोय. आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग आमच्या एम.एस्सी.च्या बॅचच्या ग्रुपवर, आणि काल मावसभावाने ‘तुमच्यातलंच कुणी आहे का गं हे?’ असं विचारून मलाच पाठवला. नाव कुणाचंच नाही, ‘पुण्यातले एक विषाणूशास्त्रज्ञ’ एवढंच. म्हणणं असं: आयुष्यभरात अडीचशे पेपर (म्हणजे शोधनिबंध), पण औषध नाही की लस नाही. माणूस डॉक्टरसुद्धा नाही, साधा मायक्रोवाला, म्हणजे मायक्रोबायोलॉजी शिकलेला. निम्मे पेपर भारतीय नियतकालिकांत, म्हणजे बाहेर कुणी विचारलं नाही. एकेका पेपरवर वीस-वीस नावं. आणि पुष्कळसं काम फ्रीजरमधून उकरून काढलेल्या जुन्या नमुन्यांवर. शेवटी ‘करदात्यांनो, जागे व्हा’.

मी या क्षेत्रात सहा वर्षं काढली, आता शिकवते. माझ्या नावावर अडीचशे पेपर नाहीत, तेव्हा राग वैयक्तिक नाही. थोडा आहे.

लसीचं आधी. पुण्याच्या आंबेडकर रस्त्यावरची राष्ट्रीय विषाणू संस्था (जुनी माणसं अजून व्हीआरसी म्हणतात, कारण १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने ती व्हायरस रिसर्च सेंटर या नावाने सुरू झाली) लस विकत नाही. पण कोव्हॅक्सिन ज्या विषाणूपासून बनली, तो या संस्थेने रुग्णाच्या नमुन्यातून वेगळा करून कंपनीला दिला होता. हे निदान लोकांना आठवतं तरी. जपानी मेंदूज्वरावरची जेनवॅक आठवत नाही. ती २०१३ साली बाजारात आली, आणि तिच्यातला विषाणू ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकातल्या कोलारच्या साथीत सापडलेला. मधली तीस वर्षं तो क्रमांक लावून, गोठवून, अधूनमधून वाढवून, तपासून कुणीतरी सांभाळला. २००० सालच्या सुमारास त्या ‘कुणीतरी’ची कारकीर्द मोजायला बसलात, तर तुमच्या हिशेबात ती शून्यच भरली असती.

‘डॉक्टरसुद्धा नाही’ यावर फार वेळ घालवत नाही. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली, माणसंही तापाने फणफणली, तेव्हा पुण्याहून गेलेल्यांना नुसत्या नाडीपरीक्षेने काही हाती लागणार नव्हतं. मेलेल्या माकडांच्या अंगावरच्या आणि जंगलातल्या गोचिडी वेचून, ओळखून, त्यातून विषाणू काढावा लागला. हाच तो माकडताप. आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडच्या लोकांना तो आता घरचा झालाय, त्यांना गोचिडीचं महत्त्व सांगावं लागत नाही. या केंद्राचे संचालक राहिलेले टी. रामचंद्र राव मुळात कीटकशास्त्रज्ञ होते. पुरे.

आता भारतीय नियतकालिकांचा मुद्दा. यावर मात्र मी थांबणार आहे, कारण इथे मजकूर लिहिणाऱ्याने अगदी चुकीच्या दारावर टकटक केली आहे.

१९६७ साली ‘करंट सायन्स’ या आपल्या नियतकालिकात तीन पानांचा एक पेपर आला. लेखक एकटेच: के. आर. पी. सिंग, व्हीआरसी, पुणे. काम काय, तर एडिस अल्बोपिक्टस आणि एडिस इजिप्टाय या डासांच्या अळ्यांपासून पेशी काढून त्या बाटलीत वाढत्या ठेवल्या. म्हणजे डास मेला, पण त्याच्या पेशी पिढ्यानपिढ्या जगत राहिल्या. ऐकायला किरकोळ वाटतं. पण डासांतून पसरणारा विषाणू प्रयोगशाळेत वाढवायचा तर त्या काळी उंदरांच्या तान्ह्या पिल्लांच्या मेंदूत टोचून ती आजारी पडायची वाट बघत बसायचे. पुढे १९७८ साली इगाराशी या जपानी संशोधकाने सिंग यांच्या पेशींमधून डेंग्यू आणि चिकुनगुन्याला भराभर बळी पडणारा एक वाण निवडला. त्यांच्या पेपरच्या शीर्षकातच ‘सिंग यांच्या’ पेशी असा उल्लेख आहे. तो वाण म्हणजे सी सिक्स थर्टीसिक्स. आज जगात कुठेही डेंग्यूचा विषाणू वेगळा करायचा म्हटला, की पहिल्यांदा हात जातो तो बहुतेक याच पेशींकडे.

मीही त्या वाढवल्या आहेत. माकडाच्या किडनीच्या व्हेरो पेशी लाडावलेल्या, त्यांना ३७ अंश आणि कार्बन डायऑक्साइड लागतो. या डासाच्या पेशी २८ अंशांवर खूश. ‘पुण्याच्या ऑक्टोबरात टेबलावर ठेवल्या तरी वाढतील,’ असं आमचे सर म्हणायचे. आम्ही कधी धजावलो नाही. रविवारी सकाळी बस पकडून नुसता फ्लास्क बघायला जायचं. उलट्या मायक्रोस्कोपखाली पेशी कालच्यासारख्याच दिसल्या की हिरमोड व्हायचा. गोल होऊन, सुटून तरंगायला लागल्या, तर छाती धडधडायची: विषाणू लागला! आणि मिडिया, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो द्रव, गढूळ, पिवळा झालेला दिसला की समजायचं, विषाणूबिषाणू काही नाही, बॅक्टेरिया घुसलेत. तीन आठवडे पाण्यात. अशा फुकट गेलेल्या फ्लास्कांवर कधी पेपर निघत नाही, त्यामुळे अडीचशेचा आकडा पाहून मला आधी दमायला होतं.

त्याच १९६७ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये भट आणि रॉड्रिग्ज यांनी लिहिलं, की नागपूरजवळच्या चांदिपुरा इथल्या तापाच्या रुग्णांत नवाच विषाणू मिळाला आहे. रुग्ण किती? दोन. दोन रुग्णांचा पेपर, तोही भारतीय नियतकालिकात. नंतर बरीच वर्षं त्याची फारशी कुणाला गरज पडली नाही. २००३ साली आंध्रात मुलं तापाने आजारी पडून एक-दोन दिवसांत दगावू लागली. ३२९ पैकी १८३ गेली. पुण्यात नमुने आले, तपासात चांदिपुरा निघाला, आणि २००४ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकाने तो पेपर छापला. भट-रॉड्रिग्ज यांनी तो विषाणू नाव देऊन ठेवला नसता, तर समोर आलेल्या विषाणूला ओळखायचं कशाशी ताडून?

वीस नावांबद्दल मजकुरात थोडं तथ्य आहे. नावं चिकटवली जातात, हे मी पाहिलंय. साहेबांचं नाव न विचारता शेवटी बसतं, ही आपल्याकडची जुनी रीत. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकंही आहेत. त्यांचं पितळ पुण्यातूनच उघडं पडलं: २०१८ साली आपल्या पुणे विद्यापीठातल्या गटाने यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्यताप्राप्त यादीतली १००९ नियतकालिकं चाळली, तेव्हा निकषांना जेमतेम ११२ उतरली. त्यावर कितीही बोला, मी तुमच्या बाजूने आहे. पण साथीच्या कामात नावं जास्त असतात त्याचं कारण साधं आहे. गावात जाऊन रक्त घेणारा वेगळा, डास पकडणारा वेगळा, पेशी वाढवणारी वेगळी, जनुकक्रम वाचणारा वेगळा. एका पेपरवर माझं सातवं नाव आहे. मी त्यात काय केलं? नळ्यांवर क्रमांक घातले आणि वही लिहिली. ते चुकलं असतं, तर पहिल्या सहाजणांचा पेपर रद्दीत गेला असता.

राहता राहिले जुने नमुने. १९५५-५६च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेचं मैलामिश्रित पाणी नळाला आलं आणि २९,००० वर लोकांना कावीळ झाली. सगळ्यांनी ती साधी, हेपटायटिस-ए धरली. त्या वेळचं रुग्णांचं सिरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, कुणीतरी जपून ठेवलं. १९८० साली ‘लॅन्सेट’मध्ये पेपर आला, त्यात पुण्याचे श्रीनिवासन, प्रसाद आणि संस्थेच्या तेव्हाच्या संचालक डॉ. खुर्शीद पावरी यांची नावं आहेत: ही ए नव्हे, बी नव्हे, तिसरीच काहीतरी आहे. पुढे तिला हेपटायटिस-ई नाव मिळालं. पेपरवर एकूण पाच नावं, आणि पंचवीस वर्षांपूर्वी दिल्लीत सुई टोचणाऱ्यांपैकी त्यात बहुधा कुणीच नाही. माझ्या मते ती यादी लांब नव्हती, आखूड पडली.

आणि यवत. सोलापूर रस्त्याने जाणारा प्रत्येक पुणेकर यवत ओलांडतो. तिथे पकडलेल्या एडिस इजिप्टाय डासांतून चिकुनगुन्याचा विषाणू मिळाला. पेपर २००१ साली ‘अ‍ॅक्टा व्हायरॉलॉजिका’त आला, पाच पानांचा. तेव्हा देशात चिकुनगुन्या जवळपास विसरला गेला होता. १९७३ साली बार्शीत मोठी साथ आली होती, त्यानंतर सामसूम. २००५-०६ साली तो परतला, सरकारी आकड्यानुसार २००६ साली सुमारे १४ लाख संशयित रुग्ण. गुडघे धरून जिना उतरणारी माणसं प्रत्येक वाड्यात होती. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी मग फ्रीजरमधले १९६३पासूनचे विषाणू काढून नव्याशी ताडून पाहिले. जुने आशियाई घराण्याचे निघाले, नवा आफ्रिकी. आणि यवतच्या डासातला? तोही आफ्रिकी. म्हणजे साथीच्या पाच वर्षं आधीच पाहुणा पुणे जिल्ह्यात येऊन बसला होता. त्या व्हायलला, म्हणजे नमुन्याच्या कुपीला, पेपर होता, म्हणून गाव, वर्ष, डासाची जात सगळं ठाऊक होतं.

मी जिथे शिकले, त्या प्रयोगशाळेत एकदा डीप फ्रीजर रात्रभर बंद पडला. नाव सांगत नाही. सकाळी आम्ही ट्रे बाहेर काढले. काही नमुने आधीच्या एका विद्यार्थ्याचे होते. तो पेपर न लिहिताच नोकरीला निघून गेला होता आणि त्याची वही कुणाला सापडली नाही. बर्फ वितळून मार्करची शाई उतरली होती. मी एकेक व्हायल पुसून उजेडात धरत होते. बऱ्याच व्हायलींवर नुसता ‘पु’ उरला होता. पुणे, पुरंदर, की पुसद? सरांनी पाच मिनिटं वाट पाहिली, मग टाकाऊ नमुने वाफेने नष्ट करायच्या यंत्राकडे बघून म्हणाले, ‘ऑटोक्लेव्हला लाव.’