सिस्टर, रिपोर्ट आला का?

आयसीयूच्या दाराशी बसलेल्या नातेवाइकांना गेली सहा वर्षं मी एकच वाक्य ऐकवत आलेय. "रिपोर्ट आला की आम्हीच बोलवू, तुम्ही बसा." त्यातल्या 'बसा'वर किंचित जोर. त्या सगळ्या नातेवाइकांचे तळतळाट मला शुक्रवार ते मंगळवार असे एकदम लागले.

परीक्षेचं नाव एनक्लेक्स-आरएन. अमेरिकेत नर्स म्हणून काम करायचं तर लायसन्ससाठी ही द्यावी लागते. नाशकात सेंटर नाही, म्हणून आदल्या दिवशी पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठली. सेंटरवर ओळख पटवायला तळहाताच्या शिरा स्कॅन करतात. जन्म गेला दुसऱ्यांच्या शिरा शोधण्यात, आणि माझ्या तिथे पहिल्या फटक्यात सापडल्या. सुईसुद्धा लागली नाही.

ही परीक्षा म्हणजे खवट सासू आहे. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. त्यामुळे इथे सोपा प्रश्न दिसला की घाम फुटतो. साठाव्या प्रश्नानंतर मला एक इतका सोपा आला की पोटात गोळाच आला. कुठला ते सांगायचं नाही, तसं आधीच कबूल करून घेतात. आमच्या वॉर्डातल्या मावशींनीही सोडवला असता, एवढंच सांगते.

प्रश्न कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. तुम्ही पास की नापास याची ९५ टक्के खात्री पटली की कॉम्प्युटर मधेच थांबतो. माझा ८५व्यालाच थांबला. म्हणजे मी एकतर फार हुशार, नाहीतर इतकी ढ की पुढे विचारण्यात अर्थ नाही.

अधिकृत निकाल अमेरिकेतल्या ज्या राज्याचं लायसन्स मागितलं, तिथल्या नर्सिंग बोर्डाकडून येतो आणि त्याला सहा आठवडेही लागू शकतात. घाई असेल तर दोन कामाच्या दिवसांनी, ७.९५ डॉलर भरून, कच्चा निकाल बघता येतो. परीक्षा शुक्रवारी. शनिवार-रविवार अमेरिकेला सुट्टी. आमच्या पेशंटना कधी शनिवार-रविवार असतो का, पण ते जाऊ दे.

शेजारच्या काकूंना हे काही पटेना. "अगं, आरोग्य विद्यापीठ इथे म्हसरूळलाच आहे की! रिक्षाने जा आणि विचारून ये."

नाशकात पूर किती आला हे कुणी मीटरमध्ये विचारत नाही. पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला की गळ्याला, एवढंच विचारतात. शनिवारी माझं पाणी गुडघ्याला होतं. रविवारी आई म्हणाली, "पेपर सोपा गेला म्हणत होतीस ना?" लगेच कमरेला. त्या मारुतीला दोन तोंडं का असावीत, हे मला त्या दिवशी उमगलं. एक पासकडे, एक नापासकडे.

सोमवारी मोनाली सिस्टरने एक युक्ती सांगितली. परीक्षेच्या साइटवर पुन्हा नाव नोंदवायला जायचं. पास असलीस तर साइट अडवते, त्याला 'गुड पॉपअप' म्हणतात. नापास असलीस तर सरळ पैसे भरायचं पान उघडतं. परीक्षा घेणारे म्हणतात की यावर विश्वास ठेवू नका. मी ठेवला नसता, पण चुकून २०० डॉलर कापले गेले तर, या विचाराने पाणी छातीला लागलं आणि मी लॅपटॉप मिटला.

मंगळवारी नाइट ड्युटी. दोनच्या राउंडनंतर नर्सिंग स्टेशनवर मोबाइल काढला. कार्ड चालेना. परदेशी व्यवहाराचं बटण बंद. ते बँकेच्या अॅपमध्ये शोधून चालू केलं, तर सातशेच्या आसपास रुपये ओटीपी न विचारताच गेले. एरवी साठ रुपयांच्या दुधाला ओटीपी लागतो! तेवढ्यात चार नंबर बेडच्या पेशंटचा मुलगा दारातून डोकावला. "सिस्टर, रिपोर्ट आला का?"

"बसा," मी म्हटलं. मग मलाच कसंतरी झालं. "येईलच हो. मीपण वाटच बघतेय."

पान उघडलं. 'पास.'

सहा वर्षांची सवय अशी की आनंदाच्या आधी हात पडताळणीकडेच जातो. आधी नाव वाचलं. मग उमेदवार क्रमांक. मग इन्सुलिन देण्याआधी घेतो तशी दुसऱ्या सिस्टरची खात्री घेतली. मोनालीने मोठ्याने वाचलं, मी मान डोलावली. मॉनिटरवर चार नंबरचे ठोके ७८ होते. माझे कुणी मोजले नाहीत, ते बरंच झालं.

पहाटे आईला फोन केला.

"पास झाले."

"किती पडले?"

"यात मार्क नसतात गं. नुसतं पास नाहीतर नापास."

"असं कसं? काकू विचारतील. त्यांना काय सांगू?"

मला तो ८५व्या प्रश्नाला खात्री पटलेला कॉम्प्युटर आठवला. "पंच्याण्णव टक्के सांग."

पलीकडे क्षणभर शांतता.

"पाच कुठे गेले?"