खुलासा : 'हनली' अमेरिकन नौदलाची नव्हतीच

'अमेरिकन नौदलाची पहिली पाणबुडी हनली. तिने १८६४ मध्ये शत्रूचं जहाज बुडवलं,' असा मजकूर सध्या फिरतोय. साल बरोबर, बाकी सगळं उलटं! हनली होती अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांची. तिने १७ फेब्रुवारीच्या रात्री चार्ल्स्टनजवळ बुडवलेली 'हूसाटॉनिक' हीच मुळी अमेरिकन नौदलाची युद्धनौका. हनलीत इंजिन नव्हतंच. खलाशी हातांनी दांडा फिरवून पंखा चालवत. सुरुंगही पुढे काढलेल्या लांब दांड्याच्या टोकाला. स्फोटानंतर हनली परतली नाही, आतले आठही जण गेले.

नौदलाची स्वतःची पाणबुडी त्याआधीच, १८६२ मध्ये, फिलाडेल्फियात पाण्यात उतरली होती. नाव 'अ‍ॅलिगेटर', आराखडा फ्रेंच माणसाचा, द व्हिलरॉय यांचा. सुरुवातीला तिला चक्क वल्ही होती! एप्रिल १८६३ मध्ये दुसऱ्या जहाजामागे ओढून नेताना वादळात ती गेली. लढाई काही तिच्या वाट्याला आली नाही.

'हॉलंड' पहिली म्हणणारेही अगदीच चूक नाहीत. रीतसर सेवेत दाखल झालेली पहिली तीच, ऑक्टोबर १९०० मध्ये. पाण्यावर पेट्रोल इंजिन, पाण्याखाली बॅटरीवरची मोटर. आयरिश वंशाच्या जॉन हॉलंड यांच्या या बोटीसाठी नौदलाने दीड लाख डॉलर मोजले.